उद्या दिसणारा डाग
हापूसची पेटी उघडली, की गवताच्या वासाबरोबर मला रत्नागिरीतलं ते छोटं हॉस्पिटल आठवतं. मी तिथे सर्जरी शिकत होते. एके दुपारी आमच्या सरांनी बागेतला पिकलेला आंबा टेबलावर ठेवला, सालीला चीर पाडली आणि म्हणाले, "शिव गो."

चिमट्याने साल घट्ट धरून मी अगदी नेटके टाके घातले. कौतुकाची वाट बघत उभी राहिले. सरांनी आंबा खिडकीत ठेवला. "उद्या बघू." मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी, जिथे जिथे माझा चिमटा लागला होता, तिथे तिथे आंबा काळा पडला होता.

"सर, काल तर डाग नव्हते!"

"कालच पडले गो, दिसले आज. माणसाचंही तसंच. आवळून धरलंस, की तेवढं मांस मरतं. नुसतं उचलायचं."

आता माझे विद्यार्थी पेशंटच्या पोटावर शेवटचा टाका घालतात आणि माझ्याकडे बघतात. "मॅडम, छान झालं ना?"

टाके खरंच सुरेख असतात. शाबासकी अगदी ओठांवर येते.

"उद्या बघू," मी म्हणते. त्यांना राग येतो, तो मला दिसतो.