मनोरा उद्या पाहू

गवंड्यांच्या टोळीत प्रत्येकाला एक दुसरं नाव मिळतं आणि ते मरेपर्यंत सुटत नाही. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उठते आहे की नाही हे पाहायला दोरीला लोखंडाचं वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा गडीही तसाच: उंच, बारीक, मानेपासून टाचेपर्यंत एक रेघ. बोलणंही सरळ. कामावर काही तंटा झाला की साहेब म्हणायचे, ओळंब्याला विचारा, तो खोटं बोलणार नाही.

तो एकदाच खोटं बोलला होता. एकच शब्द. त्याला आता तीस वर्षं झाली होती.

तो आणि त्याचा थोरला भाऊ, दोघं जुन्या इमारतींच्या डागडुजीवर असायचे. किल्ले, पूल, मनोरे, जिथे जिथे दगडांमधला चुना झडला तिथे तो खरवडून नवा भरायचा. या कामाला ते दरजा भरणं म्हणत. दादा त्यातला राजा होता. घड्याळाच्या मनोऱ्याचं काम चालू असताना एका सकाळी परांचीवरची, उभं राहून काम करायची फळी सुटली आणि दादा चौथ्या खिडकीच्या उंचीवरून खाली आला. साहेबांनी विचारलं, फळी कोणी बांधली होती? ओळंब्याच्या तोंडून शब्द गेला: 'त्यानेच.'

फळी ओळंब्याने बांधली होती.

दादाची बायको तेव्हा पंचवीसची आणि मांडीवर चौदा महिन्यांची मुलगी. वर्षभरात ती माहेरच्या माणसांबरोबर परमुलखात गेली, तिथे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसली आणि मुलगी वाढवली. वर्षातून दोन फोन यायचे. ओळंबा फोन कानाला लावून 'हो वहिनी, बरं वहिनी' म्हणत उभा असायचा, आणि फोन ठेवल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

आणि आता दोघी आल्या होत्या. तीन आठवड्यांसाठी. पुतणी एकतीस वर्षांची, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. तिने येण्याआधीच शनिवार-रविवारची यादी करून ठेवली होती: किल्ला, जुना दगडी पूल, हमामखाना, घड्याळाचा मनोरा. फोनवर फोटो, वेळा, अंतरं, सगळं. काकाची जुनी व्हॅन आहेच, तर काकाच नेतील. काकाने यादी शेवटपर्यंत वाचली. तो एवढंच म्हणाला की मनोरा लांब पडतो, तो शेवटीच राहू दे.

शनिवारी सकाळी निघाले. वहिनी आणि पुतणी मागे बसल्या. पुढची सीट रिकामी राहिली, कारण तिच्यावर ब्रेड, उकडलेली अंडी आणि संत्र्यांची पिशवी होती, असं त्याने सांगितलं. खरं तर त्या दोघींपैकी कोणी शेजारी बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघावं हे त्याला नको होतं. पुतणीने पट्टा लावला, एकदा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मग आईचा ओढून पाहिला. मग दार.

"लागलंय गं," वहिनी म्हणाली. "आता घरून निघताना हेच केलं असतंस तर छत्री विसरली नसती. बापाचा गुण. चार गोष्टी तपासायच्या आणि पाचवी सोडायची."

पुतणी हसली. हे तिने इतक्यांदा ऐकलं असणार की त्याची धार तिच्यापुरती बोथट झाली होती. ओळंब्यापुरती नव्हती. तो आरशात बघत होता. मागे दोघीच होत्या, पण प्रत्येक वळणावर गाडी तीन माणसांच्या वजनाने झुकल्यासारखी झुकत होती. गाडी जुनी आहे, स्प्रिंगा गेल्यात, असं त्याने स्वतःला दोनदा समजावलं.

किल्ल्यावर गर्दी नव्हती. वहिनी गुडघे सांभाळत सावलीत बसली आणि पुतणी तटाला हात लावत लावत चालू लागली. ओळंबा मागून, खाली मान घालून. दादाची एक खोड होती. दरज भरून झाली, थापीने सारखी केली, की शेवटी तो अंगठा दाबायचा. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. साहेब ओरडायचे, टोळीतले चिडवायचे की मालक शिक्का मारतायत, दादा हसायचा आणि पुढच्या दरजेला अंगठा दाबायचा. चुना वाळला की तिथे नखाची छोटी चंद्रकोर राहायची. आता ती तटभर होती. डोळ्यांच्या उंचीला, गुडघ्यापाशी, बुरुजाच्या वळणावर. जणू कोणी रात्रंदिवस भिंतीच्या आतून बाहेर बोट लावून बसलं होतं.

पुतणी थांबली. तिने एका चंद्रकोरीवर आपला अंगठा ठेवला. बरोबर बसला.

"काका, हे कसलं हो? सगळीकडे आहे."

त्याला सांगता आलं असतं. हा तुझा बाप. पण त्या एका वाक्याच्या मागे दुसरं उभं होतं, दुसऱ्याच्या मागे तिसरं, आणि तिसऱ्याच्या मागे तो मनोरा. असेल कोणा गवंड्याचं, असं म्हणून तो पुढे झाला. मागे कोणीतरी खाकरलं. चढण चढायच्या आधी दादा खाकरायचा, अगदी तसं. वळून पाहिलं तर पुतणी अजून भिंतीपाशीच होती आणि फोनवर त्या खुणेचा फोटो काढत होती.

पुलावरही त्याच चंद्रकोरी. वहिनी कठड्याशी उभी राहून पाणी पाहत होती. तिने सांगितलं की लग्नाआधी ती एकदा इथे आली होती, नवरा मुलगा काम करताना कसा दिसतो ते चोरून बघायला. तो कमानीखाली दोरावर लोंबकळत होता आणि वर बघून त्याने हातातली थापी हलवली होती. कोणाला हलवली देव जाणे, ती म्हणाली, मला तर तो ओळखतही नव्हता. पहिल्यांदाच ती नवऱ्याबद्दल हसून बोलली. मग पुतणीच्या बाटलीचं झाकण उघडं राहून पाणी पिशवीतल्या प्रवासाच्या कागदांवर सांडलं, आणि हसू गेलं.

"बघ. बघ आता. झाकण लावायला काय दोन माणसं लागतात? असंच एक दिवस कुठेतरी..." वाक्य तिने तिथेच सोडलं. पण उरलेलं तिघांनीही ऐकलं.

पुतणी खाली बसून रुमालाने कागद पुसू लागली. तिचे हात घाईत नव्हते. प्रत्येक कागद ती दोन्ही बाजूंनी पुसत होती, कोपरे दाबत होती. दादाही असाच होता. काम संपल्यावर प्रत्येक हत्यार धुऊन, पुसून, उन्हात ओळीने मांडून ठेवणारा माणूस. आणि त्याची लेक जन्मभर ऐकत आली होती की बाप धांदरट होता आणि ती त्याच्यावर गेली आहे. हे कोणी केलं? ओळंब्याला वाटत आलं होतं की त्याचा तो शब्द मेलेल्या माणसावर पडला, मेलेल्याला काय लागतं. तो शब्द पुढे चालत चालत एका मुलीच्या घरात जाऊन राहिला असेल, रोज तिच्या ताटाशेजारी बसत असेल, हे त्याला त्या पुलावर पहिल्यांदा दिसलं.

तरीही हमामखान्यानंतर पुतणीने विचारलं की आजच मनोरा उरकायचा का, तेव्हा तो म्हणाला, "मनोरा उद्या पाहू. ऊन उतरलंय, फोटो चांगले येणार नाहीत." जित्याची खोड.

रविवारी सकाळी त्याने इंजिनातून आवाज येतोय असं म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाली, आवाज तर कालपासून येतोय भाऊजी, आणि तो गाडीचा नाही, तुमच्या दातांचा आहे, थंडी वाजते का? तो गाडीत जाऊन बसला. ताकास तूर लागू न देता जगायची त्याला सवय होती, पण सवयही म्हातारी होते.

मनोरा चौकाच्या मध्यभागी होता. खाली कबुतरं, एक चहाची टपरी, तिकिटाची खिडकी. ओळंबा तीस वर्षांत या चौकात आला नव्हता. बस इथून जाणारी असली तर तो एक थांबा आधी उतरून आडरस्त्याने चालत जायचा. आता मान वर करायची नाही असं ठरवून त्याने मान वर केली. चौथ्या खिडकीखालचा पट्टा त्याने एकट्याने पुरा केला होता, दादा गेल्यानंतर. बाकी सगळीकडे दादाच्या खुणा होत्या. तेवढा पट्टा कोरा होता.

दोनशे बारा पायऱ्या होत्या. पुतणी तिकीट काढून आत गेली. वहिनी दगडी बाकावर बसली आणि तिने शेजारची जागा हाताने झाडून भाऊजींना बसा म्हटलं. तो बसला. मग तिने विचारलं, कुठून? त्याने बोट दाखवलं.

ती वर बघत राहिली आणि त्या खिडकीशी बोलू लागली, जेवणाच्या टेबलापाशी नवऱ्याशी बोलावं तशी.

"एवढं सगळं येत होतं तुम्हाला, अहो. आणि एक गाठ नीट मारता आली नाही." मग भाऊजींकडे न बघता, "पोरीला मी फार बोलते. कळतं मला. पण भीती वाटते हो भाऊजी. त्यांचंच रक्त आहे. सांगायला नको?"

आतून, दगडांमधून, पुतणीच्या पावलांचा आवाज येत होता. एक, दोन, एक, दोन. आणि त्यांच्यामागे आणखी एक, जड. ओळंब्याने कान झाकले नाहीत.

"वहिनी, ती फळी मी बांधली होती."

मग तो बोलत गेला. त्यांच्या टोळीत एक रीत होती. फळीला सुंभाचे चार वेढे घालून गाठ आवळेपर्यंत टोकाला एक चिंधी लटकवायची. चिंधी आहे म्हणजे गाठ कच्ची, पाय ठेवू नका. चिंधी काढली म्हणजे बांधणाऱ्याने शब्द दिला. त्या सकाळी त्याने दोन वेढे घातले आणि त्याला तहान लागली. दोन मिनिटांसाठी चिंधी काय लावायची, असं म्हणून तो पाणी प्यायला खाली उतरला. हातात पेला होता तेव्हा वर दादा खाकरला. नंतर साहेब आले, सगळे भोवती उभे, आणि प्रश्न आला. त्याला वाटलं होतं उद्या खरं सांगू. उद्या, मग तेरावा झाल्यावर, मग वहिनी सावरल्यावर. मग त्या निघून गेल्या.

वहिनीने ना थोबाडीत दिली ना हंबरडा फोडला. तिने मांडीवरची शाल उलगडली, पुन्हा चौकोनी घडी केली, कडा जुळल्या नाहीत म्हणून पुन्हा उलगडली. कारखान्यात हजारो घड्या घातलेले ते हात होते आणि त्यांना एक घडी जमत नव्हती.

"मी तिला दुसरीत असताना मारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बुटाची नाडी सुटली म्हणून. म्हटलं, बापासारखी पडून मरशील." थोडं थांबून, "तिला तुम्ही सांगा. मी तीस वर्षं जे सांगितलं ते खोटं होतं, हे माझ्या तोंडून निघायचं नाही. इथेच सांगा. गाडीत बसायच्या आधी."

पुतणी धापा टाकत बाहेर आली. घड्याळ आतून केवढं मोठं दिसतं, काट्याच्या सावलीत माणूस उभा राहील, असं सांगत होती. त्या दोघांचे चेहरे बघून ती मध्येच थांबली. ओळंबा उभा राहिला. पुतणीसमोर बसून हे सांगायचं नाही एवढं त्याला कळत होतं. त्याने सगळं सांगितलं, याच क्रमाने, एकही शब्द मऊ न करता. या वेळी 'मी' हा शब्द त्याने एकदाही गिळला नाही. भिंतीतल्या त्या चंद्रकोरी कोणाच्या, आणि चौथ्या खिडकीखाली त्या का नाहीत, तेही सांगितलं.

रक्ताच्या नळ्या तपासणारी मुलगी ती, आधी सगळं ओळीने लावून घेत असावी. मग म्हणाली, "म्हणजे बाबा निष्काळजी नव्हते."

"दादा? अगं, स्वतः मारलेल्या गाठीला लोंबकळून बघायचा तो. दोनदा. आम्ही हसायचो त्याला."

"मग त्या दिवशी का नाही बघितलं?"

हा प्रश्न त्याने तीस वर्षं दारातच थोपवून धरला होता.

"चिंधी नव्हती. आणि बांधणारा मी होतो."

कबुतरं उडाली आणि पुन्हा त्याच जागी बसली. पुतणीने मनोऱ्याकडे पाहिलं, चौथ्या खिडकीखालचा कोरा पट्टा तिला आता दिसला असावा, कारण तिची नजर तिथेच राहिली. ती रडत नव्हती. दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून उभी होती. वहिनी उठली, गुडघ्यांना हात लावत तिच्यापाशी गेली. मग तिने मुलीच्या सुटलेल्या केसांची बट कानामागे सारली, आणि हात तिथेच ठेवला. मुलीने तो काढला नाही. तिने मानही आईकडे वळवली नाही.

वहिनी तशीच पाठमोरी बोलली.

"गाडी आणा. पोरगी सकाळपासून उपाशी आहे."

आल्यापासून ती त्याला 'भाऊजी' म्हणत आली होती. बाकावर त्याने खरं सांगितल्यापासून तो शब्द गेला होता, आताही आला नाही. ओळंब्याने ते ऐकलं, मान हलवली, आणि खिशात किल्ली चाचपत चौक ओलांडू लागला.