प्रस्थानातली बंडी

ह्यांचं विलायतेला जायचं ठरलं तेव्हा मध्यभारत राज्य होतं. इंदूरच्या वेगवेगळ्या मिलांमधली नऊ माणसं मिळून युरोपातले यंत्रांचे कारखाने बघायला तीन महिने जाणार होती. हे विणाई खात्यात होते. नऊजणांचे पुढारी म्हणजे दुसऱ्या एका मिलमधले वयस्कर मास्तर, फार कडक. त्यांनी प्रत्येकाला सामानाची यादी दिली होती आणि बजावलं होतं, की बुधवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी सगळ्यांचे कागद तपासणार. ज्याचा एक कागद कमी, त्याचं नाव कापणार. दहावा माणूस पेटी भरून तयार बसलाय.

तो दहावा माणूस ह्यांच्याच खात्यातला होता. आठवड्यात दोनदा घरी येऊन गेला. "भिया, तब्येत वगैरे ठीक ना?" असं विचारायचा. तो गेला की सासूबाई मीठ-मोहरी ओवाळायच्या.

गाडी गुरुवारची. महूवरून खंडवा, तिथे बदलून मुंबई, पुढे बोट. सासूबाईंनी पंचांग बघितलं आणि कपाळाला हात लावला. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ. त्या दिवशी दक्षिणेकडे निघायचंच नाही. पण गाडी आणि बोट काही थांबणार नव्हती. मग आमच्यात करतात तसं मंगळवारी प्रस्थान ठेवायचं ठरलं. जाणाऱ्याचा एक वापरलेला कपडा, हळकुंड, सुपारी आणि अक्षता पिवळ्या फडक्यात बांधायच्या आणि जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायच्या. मग माणूस मुहूर्तावर निघाला असं होतं. निघताना त्यानेच ते उचलायचं. एकदा ठेवलं की परत घरी आणायचं नाही आणि गाठ सोडायची नाही, नाहीतर प्रवास मोडला.

मंगळवारी सकाळी मी बेसन भाजत होते. लाडू, चिवडा, मेतकूट, लोणच्याच्या बरणीला मेण, सगळं माझ्याकडे होतं. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "ह्याचा कुठला कपडा घेऊ गं?" मी कढईतून मान वर न करता म्हटलं, "खुंटीवरचा घ्या." त्यांनी घेतला, बांधला आणि दक्षिणेला म्हणून लालबागेजवळ त्यांची मावसबहीण राहते तिच्याकडे टांग्याने जाऊन ठेवून आल्या.

बुधवारी जेवणं झाल्यावर मी पेटी शेवटची लावायला बसले. गरम पायमोजे, दोन सूट, दाढीचं सामान. आणि खुंटीकडे बघितलं. बंडी नव्हती.

बेसनाच्या नादात मीच सांगितलं होतं, खुंटीवरचा घ्या, आणि सासूबाईंनी तीच बांधून नेली होती. देवी आणि कॉलरा टोचून घेतल्याचा सरकारी दाखला ह्यांनी माझ्याकडे दिला होता. "पेटीत वरच ठेव," म्हणाले होते. मला वाटलं, पेटी हमालाच्या डोक्यावर जाणार, खंडव्याला खिसेकापू फार. म्हणून मी बंडीला आतून चोरखिसा लावला, दाखला त्यात घातला आणि तोंड शिवून टाकलं. ह्यांना सांगितलं नाही. हसतील असं वाटलं. निघताना सांगणार होते.

नवा दाखला मिळणं शक्य नव्हतं. कॉलऱ्याच्या दोन सुया, मध्ये आठवडा.

सासूबाई पडल्या होत्या. दोनदा त्यांच्या उशाशी जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा तशीच परत फिरले. शेवटी शेजारणीला हळूच म्हटलं, "सासूबाई उठल्या तर सांगा, गूळ आणायला गेले." आणि चपला घातल्या.

मल्हारगंजातून राजवाड्यापर्यंत मी कधीतरी एकटी गेले होते. त्यापुढे कधीच नाही. टांगेवाल्याशी बोलायची हिंमत होईना, म्हणून चालत निघाले. वैशाखातलं ऊन. हरसिद्धीजवळ वाट चुकले. एका म्हातारीला विचारलं तर माझा आवाज तिला ऐकूच जाईना. "जोर से बोल बेटा," ती म्हणाली. मी जोरात बोलले आणि स्वतःच दचकले.

मावशींनी दार उघडलं. "अगं बाई! अशा धूपमध्ये पैदल? सगळं ठीक ना?"

मी सांगितलं. त्यांनी कानावर हात ठेवले.

"नाही गं बाई. गाठ नाही सोडायची. तुझ्या सासूने माझ्या हातात दिलंय. उद्या बोटीवर काही झालं तर जन्मभर माझ्या नावाने ओरडेल."

"मावशी, दाखला नाही मिळाला तर ते बोटीवर जाणारच नाहीत."

"मग त्याला पाठव. ज्याचं आहे तो सोडेल."

"ते मिलमध्ये आहेत. घरी येतील आणि तसेच पाचला तिकडे जातील. आता किती वाजले?"

मावशींनी आत घड्याळ बघितलं. सव्वातीन झाले होते.

"आणि तो उचलून घेऊन गेला, तरी आज बुधवारीच उचललं असं होणार," त्या म्हणाल्या. "प्रस्थान मोडणारच ना?"

"मोडेल," मी म्हटलं. "पण मग मी मोडलं असं होऊ द्या. चूक माझी आहे. सासूबाईंना मी सांगेन. तुमचं नाव घेणार नाही."

मी एवढं कोणाशी बोलले नव्हते, माहेरीसुद्धा नाही. मावशींनी मागच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझे कपडे वाळलेत. मी मागे जाऊन काढते. देवघरात काय चाललंय ते मला माहीत नाही." आणि खरंच मागच्या दारी गेल्या.

देवाला हात जोडले आणि गाठ सोडली. कात्री मागायला तोंड नव्हतं. टाके दातांनी उसवले. मी नेहमी बारीक शिवते, त्या दिवशी त्याचाच राग आला. दाखला निघाला. बंडी, हळकुंड, सुपारी होती तशी बांधली, पण सासूबाईंसारखी गाठ काही जमली नाही.

परतताना धावता येत नव्हतं, लोक बघतात. तरी मी धावले.

हे दारात उभे होते. पेटीतलं सगळं सामान पलंगावर पालथं केलेलं. "दाखला कुठाय? अगं कुठाय दाखला? गूळ आणायला गेलीस म्हणे! आज? पावणेपाच झाले!"

मी दाखला पुढे केला. त्याला दोरे चिकटले होते. हे काहीतरी विचारणार होते, पण वेळ नव्हता. सायकल काढली आणि गेले.

सासूबाई ओसरीत बसून सगळं बघत होत्या. माझ्या हातात गूळ नव्हता. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. चोरखिशापासून गाठीपर्यंत सगळं.

 सासूबाई म्हणाल्या, "गाठ तूच सोडलीस?"

"हो."

"आणि ती तिथे उभी राहून बघत होती?"

"नाही. त्या कपडे काढत होत्या."

"पक्की आहे," सासूबाई म्हणाल्या. आणि पंचांग उघडलं. बोट फिरवत कितीतरी वेळ बघत होत्या. मला रडू येत होतं, पण रडले तर त्या उठून जातील अशी भीती वाटत होती. शेवटी चष्मा काढला.

"वार सूर्योदयाला बदलतो. अजून बुधवारच आहे. उठ, दुसरं बांधू. त्याचं धोतर आण, त्याला खिसे नसतात."

हळकुंड मी शोधलं, अक्षता त्यांनी केल्या. गाठ त्यांनीच मारली. दिवेलागणीला सायकलची घंटा वाजली. आम्ही दोघी दारात.

"नाव कायम," हे म्हणाले. "मास्तर म्हणाले, बाकीचे कागद ठीक, दाखला धाग्यादोऱ्यांचा दिसतोय."

सासूबाईंनी सायकलवरून उतरूही दिलं नाही. गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं. "असाच लालबागेला जा. मावशीकडे ठेव आणि तिथली बंडी घेऊन ये."

"आई, आत्ता? दमलोय मी! आणि कालच तर ठेवलं होतं ना?"

"तू जा. विलायतेला जाणारा माणूस लालबागेला जायला दमतो का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. हे गाठोडं हँडलला अडकवून गेले, आणि मी आत येऊन पलंगावरचं सामान पुन्हा एकेक पेटीत भरायला बसले.