जेवणाआधीची गोळी

घोडपदेवच्या चाळीतल्या द्रौपदाबाई दर पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्ध उपासकांचे आठ नियम, पाळत. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्नाचा कण पोटात जायचा नाही. या पौर्णिमेला मात्र त्यांनी संध्याकाळची मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली. औषध चुकवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. ही गोळी घेतली की जेवावंच लागतं, हे नव्हतं.

वंदना म्हणताना त्यांचे ओठ बधिर झाले. लुगडं घामाने भिजलं. समोरची एक मेणबत्ती दोन दिसू लागली, तशी त्यांनी सुनेला हाक मारली.

"रुपाली, मी चालले गं."

सून धावत आली. साखर मोजायच्या मशीनवर आकडा पार खाली गेला होता. तिने साखरेचं पाणी पुढे केलं, तर सासूने तोंड फिरवलं.

"शील मोडंल."

"हे औषध आहे, आई. औषध चालतं. विहारातल्या भन्तेजींना मी सांगते, तुम्ही आधी प्या!"

त्या प्यायल्या. घाम जरा थांबला.

"आता भात खा. नाहीतर साखर परत उतरेल."

भाताला औषध म्हणता येत नव्हतं. द्रौपदाबाईंनी तरीही ताट ओढलं आणि कुणी हिसकावून घेईल अशा घाईने त्या खात राहिल्या.