सायलीच्या फॉर्मवरची सही

व्हॅनच्या सीटखाली हात घातला की कधी नट सापडतो, कधी वॉशर, कधी कुणाच्या तरी पेनाचं टोपण. मुद्दाम कुणी ठेवलेलं नसतं, आपोआप साठतं. किश्श्यांचंही तसंच. गेल्या पावसाळ्यात मी आणि मोकल पेण ते रोहा सगळ्या शाळा-कॉलेजं पालथी घालत होतो, तेव्हाचे हे थोडे.

मी रोह्याच्या एका कंपनीत टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली. कंपनीने वरसे गावात ट्रेनिंग शेड उघडली. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग, सीएनसी मशीन, थ्रीडी प्रिंटर, वर्षभराचा कोर्स. मुलांना हे समजवायला कोण जाईल, असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. मोकल व्हॅन चालवायचा, आणि मी भाषण करताना दारात उभा राहून चुका काढायचा.

*

पहिला कार्यक्रम पेणच्या एका ज्युनिअर कॉलेजात. मी विचारलं, "कंपनीत काय तयार होतं?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाइट शिफ्ट."

दुसरा म्हणाला, "वास."

मोकल दारातून म्हणाला, "साहेब, दोघंही पास."

नंतर एक मुलगी मागे थांबली. सायली, हमरापूरची. वडिलांचा गणपतीचा कारखाना. तिने विचारलं, "सर, प्रिंटरला डावी सोंड, उजवी सोंड कळते का?"

"त्याला काहीच कळत नाही. आपण सांगू तेवढंच करतो."

"मग आमच्या कामगारांपेक्षा बरा," असं म्हणून तिने फॉर्म मागितला आणि तिथेच भरला. आमचा पहिला फॉर्म! पण वय सतरा, त्यामुळे वडिलांची सही हवी. जुलैअखेर सही आली नाही तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

*

खाडीकडच्या एका गावात पालकसभा होती. निम्मी माणसं मिठागरावरची. मी प्रोग्रॅमवर आपोआप धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचा व्हिडिओ दाखवला. पुढे बसलेल्या आजीने विचारलं, "यात मानूस काय करतो?"

"प्रोग्रॅम देतो, आजी, आणि बटन दाबतो."

"बटन दाबाया शिकायला वरीस लागतं?"

मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मोकल म्हणाला, "दाबायला नाय लागत. कवा नाय दाबायचं ते शिकायला लागतं."

आजीने मान डोलावली. "मंग माझ्या सुनेचं नाव लिव. मिक्सर कवा बंद करायचा ते तरी कळंल."

सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "लिवा. तेवढंच वरीसभर घराभायेर."

*

पेणच्या एका शाळेत मी मायक्रोमीटर नेला होता. मुलांना केसाची जाडी मोजायला दिली की ती रमतात. मुख्याध्यापक उत्साहाने पुढे आले आणि स्वतःचा केस देऊ लागले. मोकल हळूच म्हणाला, "सर, राहू द्या. तुमच्याकडं शिल्लक नको का?"

मी वर्गाला विचारलं, "एका मिलिमीटरमध्ये असे किती केस शेजारी शेजारी बसतील?" एका मुलीने वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला आणि बरोबर सांगितलं. मी म्हटलं, "छान. अंदाज न करता भागायला कुणी शिकवलं?"

"आमच्या गणिताच्या बाईंनी. पण त्या आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेल्या."

ती माझी बायको. मुलीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"चांगलं शिकवलं त्यांनी," मी म्हणालो, आणि पुढचा केस मागितला.

व्हॅनमध्ये मोकलने त्या दिवशी रोह्यापर्यंत एकही चूक काढली नाही.

*

सायलीच्या सहीसाठी आम्ही हमरापूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिचे वडील, नारायणदादा, मूर्तींच्या रांगेत बसून आखणी करत होते. आखणी म्हणजे डोळे काढणं. ते काम चालू असताना कारखान्यात कुणी बोलत नाही, रेडिओही बंद. आम्ही तासभर गप्प उभे. मोकलला शिंक आली, ती त्याने गिळली.

शेवटी दादा म्हणाले, "पाटीलसाहेब, पोरीचा हात थरथरत नाय. चार वर्षं शिकवतोय तिला. ती तुमच्या मशीनवर गेली तर माझ्यामागं डोळे कोन काढील?"

सायली आतून म्हणाली, "बाबा, सकाळी शेड, संध्याकाळी आखणी. दोनी करीन."

"दोन दगडांवर पाय ठेवू नको गो."

"चार वर्षं तुमीच सांगताय, एका डोळ्याचा अंदाज दुसऱ्या डोळ्यावरनं घे."

दादांनी पुढची मूर्ती ओढली. म्हणजे आम्हाला निघायचं होतं.

*

रोह्यात एक आई म्हणाली, "सर, कोर्स चांगलाय. पन पाव्हने बघायला आले की काय सांगू, मुलगी मशीनच्या हाताखाली हाय?"

मोकल म्हणाला, "काकी, उलटं सांगा. मशीन तिच्या हाताखाली हाय. आनि जावयालाबी आत्ताच सांगून ठेवा."

तो फॉर्म सहीसकट मिळाला.

*

जुलैचा शेवटचा दिवस. आदल्या रविवारी सायली शेडमध्ये येऊन बसली होती. वडिलांच्या मूळ मूर्तीचे फोटो काढून तिने शेडमधल्या इन्स्ट्रक्टरला विचारत कॉम्प्युटरवर मॉडेल केलं आणि वीतभर गणपती प्रिंट केला. तो डब्यात, कापडात गुंडाळून घेऊन आम्ही तिघं हमरापूरला गेलो.

दादांनी तो उचलला. मागून पाहिला, खालून पाहिला, अंगठा फिरवला. "पॉलिश पेपर नीट मारला नाय."

"नाय मारला," सायली म्हणाली.

"किती वेळ लागला?"

"नऊ तास."

"मशीन घाई नाय करत. बरं हाय." मग त्यांचा अंगठा डाव्या कानाशी थांबला. "हा कान खाली कुनी केला?"

"तुमी. तुमच्या सगळ्याच मूर्तींचा असतो. कॉम्प्युटर दोनी कान सारखे करत होता. मी तीनदा परत खाली आनला."

दादांनी तो गणपती पाटावर ठेवला आणि बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. कुणीतरी रेडिओ बंद केला. उजवा डोळा झाला. डावा झाला.

वर न बघता त्यांनी डावा हात पुढे केला. "कागद."

मी फॉर्म दिला. मोकलने खिशातलं पेन काढून पुढे धरलं. दादांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला तोच ब्रश पुन्हा रंगात टेकवला आणि पालकाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव, वेलांट्या-मात्रांसकट, एका दमात काढलं.

मी फॉर्म घ्यायला वाकलो.

"थांबा," ते म्हणाले. "वाळू दे. बोट लावू नका."