छाती स्वच्छ हाय!

भीमाशंकर म्हणजे पायाला भिंगरी लावलेला माणूस. सोलापुरातल्या एका दवाखान्यात तो छातीचे एक्स-रे फोटो काढायचा, पण फिल्म वाळेपर्यंत धीर कुठला निघायला! ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर यायचा आणि डॉक्टरांच्या आधी आपलाच निकाल ठोकून द्यायचा.

आणीबाणीच्या साली अक्कलकोटकडची काशम्मा आली. ओली बाळंतीण, एक पाय सुजून टम्म, चार पावलं टाकली की धाप. गळ्यात लिंगायतांचं, चांदीच्या डबीतलं लिंग. फोटोत चांदीचा पांढरा डाग उठतो, म्हणून भीमाशंकरनं ते काढायला सांगितलं. सासू निंगव्वा कडाडली, "जित्या माणसाचं लिंग अंगावेगळं व्हत न्हाय! तू आमच्यातलाच की रे, लाज न्हाय वाटत?"

वाटली. त्याच्याही गळ्यात तेच होतं. "आसं करू अव्वा," तो म्हणाला, "पूजेला धरतो तसं तळहातावर धरू दे तिला. हात लांब, छाती मोकळी."

फोटो असा लख्ख आला की गडी नाचतच बाहेर. "छाती स्वच्छ हाय! कुटंच काय न्हाय!"

निंगव्वानं हात जोडले. देवच पावला म्हणायचा! आता डॉक्टर कशाला? तिनं सुनेला उठवलं आणि एसटी स्टँड गाठलं.

इकडं डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "बाई कुठंय?"

"घरी गेली की, साहेब. स्वच्छ हाय न्हवं?"

"अरे गाढवा, म्हणूनच भीती आहे! न्यूमोनिया नाही, पाणी नाही, मग धाप कशाची? पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली असणार. ती ह्या फोटोत बहुतेक वेळा दिसतच नाही. इंजेक्शन आत्ता दिलं नाही, तर गाडीतच जाईल ती!"

भीमाशंकर अनवाणीच स्टँडकडं पळत सुटला. अक्कलकोटची गाडी सुरू झालेली. तो दारातच आडवा उभा राहिला.

"उतरा अव्वा, माझं चुकलं! त्या फोटूत हे दुखणं दिसत न्हाय."

"मगाशी चांगलं म्हनलास, आता वाईट? देवानं दिलेलं माघारी घेतोस व्हय?" निंगव्वा जागची हलेना. कंडक्टर घंटी वाजवून वैतागला.

तेवढ्यात काशम्मा उठली. ओठ काळेनिळे. तान्हं तिनं सासूच्या मांडीवर ठेवलं.

"अत्ती," ती थांबत थांबत सासूला म्हणाली, "सकाळधरनं सांगतीया, मला श्वास पुरत न्हाय. तुमी दोगंबी फोटूच बघत बसला. माज्याकडं कुनी बघितलंच न्हाय."

पायरीवर तिचा तोल गेला. भीमाशंकरनं तिला उचलून टांग्यात घातलं. इंजेक्शन वेळेत मिळालं आणि बाई वाचली.