रिकाम्या हातानं परतणाऱ्यांचा अभ्यास

बातमी आली तेव्हा माझा हात रुमालाखाली होता. आम्ही कापसाचे दलाल अजूनही रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतो, चारचौघांना कळू नये म्हणून. व्यापाऱ्याचं बोट धरलं होतं, तेवढ्यात कॉलेजचा शिपाई सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "भाऊ, येल्लावार सर गेले." मी हात काढून घेतला. सौदा मोडला. त्याला काही आठवडे झाले, पण तेव्हापासून एका जागी बसवत नाही... गादीवर बसलो की उठतो, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही.

मारोती गंगाराम येल्लावार. नाव पूर्ण लिहितो, कारण माझं भांडण नावाचंच आहे. हा लेख छापणाऱ्या संपादकांनाही सांगून ठेवलंय, कापायचं असेल तर माझं काहीही कापा, हे नाव नाही. बेला गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी सातवीनंतर कापसाच्या गाड्यांमागं लागलो. तो शिकला आणि ऐंशीच्या दशकात आदिलाबादच्या कॉलेजात ग्रंथपाल झाला. झाल्या झाल्या त्यानं टेबल सोडलं आणि खुर्ची दाराजवळ मांडली. पुस्तक घेऊन जाणाऱ्याकडं तो बघायचाही नाही. रिकाम्या हातानं निघालेल्याला मात्र थांबवायचा. "काय पायजे होतं?" घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि कपाटात इंग्रजी, अशी आमच्याकडची पोरं, त्यांना मागायचं कसं तेच कळायचं नाही. बाजारहत्नूरच्या एका मुलीला कपाशीचं पान लाल काऊन होते ते हवं होतं. पुस्तक होतं, पण यादीत भलत्याच भारदस्त शब्दाखाली. मारोतीनं तिच्याच शब्दांत एक कार्ड लिहून यादीच्या खणात घातलं. पुढं असल्या कार्डांवर त्यानं इंग्रजीत निबंध लिहिले आणि ते छापूनही आले.

मूळ कल्पना माझी. एकदा आडतीच्या पायरीवर बसून मी त्याला म्हणालो होतो, "माल इकून गेला तो काई शिकवत नाही. न इकता गेला, त्याच्या मांगं जाय, त्याले इचार." ते त्यानं पहिल्या निबंधाच्या तळटीपेत माझ्या नावानिशी छापलं. मला इंग्रजी येत नाही. त्यानं बोट ठेवून दाखवलं.

"इतकं बारीक काऊन छापलं?"

"तळटीप बारीकच असते, भाऊ."

"मंग उपकार बी बारीकच म्हण ना!"

तो हसला. माझं नाव आणि त्याचं नाव इंग्रजीत कसं दिसतं, ते त्यानं मला तेव्हाच ओळखायला शिकवलं.

कॉलेजातले लोक त्याला डिवचायचे, "सर, तुमचं संशोधन वाचते कोण? कोनी नाव घेतलं काय?" नवं नियतकालिक आलं की तो ते मागून उघडायचा आणि शेवटी दिलेल्या संदर्भांवरून बोट खाली खाली न्यायचा. मी शेजारी बसून ते बोट बघायचो. ते कुठंच थांबायचं नाही.

मग हैदराबादचे एक प्राध्यापक आले. मारोतीच्या घरी उतरले, ज्वारीची भाकरी खाल्ली, सगळे निबंध घेऊन गेले. नव्वद सालानंतर त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात दाराजवळची खुर्ची होती, तो प्रश्न होता, लाल पानवाली मुलगीही होती. मारोती मात्र नव्हता. होता तो 'सीमेवरच्या जिल्ह्यातला एक ग्रंथपाल'. त्यानं पुस्तक मागून उघडलं, बोट फिरवलं, मिटलं. मग त्यावर क्रमांक घातला आणि कपाटात ठेवून दिलं.

मी गाडी धरून हैदराबादला गेलो. त्याचं नाव गाळलं म्हणजे माझंही गाळलं, हा रागही होताच. प्राध्यापकांनी चहा दिला. म्हणाले, "अगली बार सब लायब्रेरियनों का शुक्रिया अदा कर देंगे."

"सबका नहीं साब, एक का. नाम से."

"किताब में इतनी जगह नहीं होती."

जन्मभर घासाघीस केली. अर्ध्यावर तरी तोडून आणलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. आदिलाबादला परतलो आणि स्टेशनवरून तडक कॉलेजात गेलो. मारोती खुर्चीतच होता. माझे मोकळे हात बघून म्हणाला,

"काय पायजे होतं, भाऊ?"

"तुहं नाव!" मी ओरडलो. वाचणारी पोरं माना वर करून बघू लागली.

"त्या पुस्तकातून पोराइले उत्तरं भेटून राह्यली, भाऊ. त्याइनं माहं नाव कधी मागितलं?"

"मी मागून राह्यलो ना!"

त्यानं आपल्या बोटाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मलेही पायजेच होतं..."

इतक्या वर्षांत हे एकदाही बोलला नव्हता. आधी बोलला असता तर मी प्राध्यापकांसमोरून नाव घेतल्याशिवाय उठलो नसतो. याचा राग त्याच्यावर आहे, आणि आता तो काढू कुणावर?

परवा कॉलेजात गेलो. नव्या ग्रंथपालांनी खुर्ची टेबलामागं नेली आहे. रीतसर जागा तीच. प्राध्यापकांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे. मी ती मागून उघडली आणि आमच्या नावांचे ते दोन आकार शोधत बोट खाली नेलं... शेवटच्या ओळीपर्यंत. पुस्तक जागेवर ठेवलं आणि निघालो. दाराशी मुद्दाम रेंगाळलो, दोन्ही रिकामे हात दिसतील असा.

कोणी विचारलं नाही.