शिगेची पायली

"तुमच्या वाडीत अक्कलपण शीग लावून मोजतात काय गो?"

सर असं म्हणाले आणि सातवीचा अख्खा वर्ग हसला. मी फळ्यासमोर उभी होते. हातात खडू होता.

धसईच्या शाळेत मापांचा धडा चालला होता. पायलीचे शेर करायचे, शेरांचे किलो, किलोंचे क्विंटल. सरांनी विचारलं होतं, चाळीस पायली भाताचे क्विंटल किती? मी विचारलं, "सर, पायली देताना की घेताना?"

"पायली म्हणजे पायली."

"घेताना वर शीग असते सर, काठाच्या वर दाण्यांचा ढीग. देताना नसते."

त्यावर ते वाक्य आलं. तास संपेपर्यंत त्यांनी मला तिथंच उभं ठेवलं. मधल्या सुट्टीत मुली मला 'शीग' म्हणून हाक मारायला लागल्या. ते नाव दहावीपर्यंत टिकलं. डबा मी एकटीच खायचे.

मी चुकीचं विचारलं नव्हतं. वाडीतल्या सगळ्यांचे मालक एकच, भाऊ. त्यांच्या जमिनीचा एक तुकडा आम्ही खंडानं, म्हणजे दरवर्षी ठरलेलं भात देऊन, कसायचो. आई त्यांच्याच खळ्यावर झोडणीला जायची. मजुरीचं भात मोजताना भाऊ पायलीच्या तोंडावरून हात फिरवत. काठाच्या वर दाणा राहत नसे. खंडाचं भात घेताना पायली तीच, पण दाणे घसरू लागेपर्यंत शीग लावत. याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. रीत म्हणत.

घरी आईला सगळं सांगितलं.

"कशाला बोललीस गो? मापाला तोंड नसतं. आपल्यालाबी नाय."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. रविवारी आई कामाला गेल्यावर मी शेजारची पायली आणली, भातानं भरली, वर शीग लावली. शीग सुपात पाडून शेरानं मोजली. खंडाच्या सगळ्या पायल्यांच्या शिगा मिळून किती शेर, ते काढलं. शेरांचे किलो केले. भात कांडून तूस गेल्यावर तांदूळ किती उरेल, तेही काढलं. मग त्या तांदळाला आमच्या रोजच्या तांदळानं भागलं.

उत्तर आलं, पंधरवडा. भादव्यात तांदूळ संपल्यावर आम्ही कंद उकडून खाऊन दिवस काढायचो, तेवढाच.

हे सांगायला कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर खंडाचं भात मोजायला सुरुवात झाली. मी खळ्यावर गेले. भाऊंनी पायली भरली, शीग लावली. मी हात पुढे केला आणि काठावरून फिरवला. दाणे राशीत पडले.

"काय गो, हा हात कोणाचा?" भाऊंनी विचारलं.

"मजुरी मोजता तेव्हा तुमचा असतो."

कोणी हसलं नाही. वाडीतल्या बायका खाली बघत राहिल्या. आई म्हणाली, "नको गो." तिनंच ओंजळीनं दाणे उचलून पुन्हा शीग लावली.

पुढच्या वर्षी तुकडा गेला. आईला झोडणीला बोलावणं आलं नाही. बायका आईला म्हणत, "पोरीला शाळंत कशाला घातलीस?" विहिरीवर आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. आईही माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. दहावीनंतर मी मुरबाडला एका कारखान्यात लागले. सुट्टीला घरी येते. आमच्या दारात कोणी येत नाही.

यंदा भाऊंचा गडी निरोप घेऊन आला. तुकडा पुन्हा देतो, पण पोरीनं खळ्यावर पाय ठेवायचा नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला तो तुकडा हवा आहे. मलाही हवा आहे.

मी गड्याला सांगितलं, "भाऊंना सांग, आमी कसू. खंडबी देऊ. पण किलोनं, काट्यावर. मोजायला मी असणार."

"नाय म्हणाले तर?"

"तर जमीन नको. पण खळ्यावर येईनच. दुसऱ्यांचं मोजतील, तिथं उभी राहीन."

गडी गेला. आई चुलीकडे वळली. वाडीतून सोबत कोणी येणार नाही, आईसुद्धा नाही. मी कारखान्यात मोजणीच्या दिवसांसाठी रजेचा अर्ज दिला आहे.